एकतीस नंबरची निरोगी बाई

मी निरोगी आहे याचा मला भारी माज होता. सर्दी सगळ्या घराला व्हायची, मला सोडून. प्रयोगशाळेत मी रक्त काढायचं काम करते, आणि बायका "टोचणार का हो?" असं विचारेपर्यंत माझी नळी भरलेली असते. हात हलका, तब्येत ठणठणीत आणि जीभ जरा तिखट, अशी आपली ख्याती. त्यामुळे निरोगी बायका कमी पडायला लागल्या तेव्हा आमच्या प्रमुख मॅडमनी सगळ्यात आधी माझ्याकडेच पाहिलं.

निरोगी बायका कशाला लागतात तेही सांगते. आमची प्रयोगशाळा एकाच आजाराच्या मागे हात धुऊन लागली आहे, एंडोमेट्रिऑसिस. नाव घेताना जीभ अडखळते, पण आजार समजायला अवघड नाही. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं तसंच अस्तर भलत्या जागी उगवतं, कधी अंडाशयावर, कधी आतड्यावर. पाळी आली की तेही पाझरतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. मग आतल्या आत सूज, एकमेकांना चिकटलेले अवयव आणि जीव नकोसा करणाऱ्या कळा. पुष्कळदा साध्या सोनोग्राफीत काही दिसत नाही. बाई वर्षानुवर्षं या दारातून त्या दारात जाते, प्रत्येक दारात तिला सांगतात की काही नाही, आणि शेवटी कुणीतरी पोटाला भोकं पाडून आत दुर्बीण घालतं तेव्हा तिचं म्हणणं खरं ठरतं.

मॅडमना याचाच राग होता. बाई खरं बोलतेय हे ठरवायला तिचं पोट कशाला उघडायला हवं, असं त्या म्हणायच्या. शरीरात एवढी उलथापालथ चालू असेल तर रक्तात तिच्या खुणा असणारच. त्या खुणा शोधण्यात मॅडमची बरीच वर्षं गेली आणि आमचीही. शेवटी काही खुणा हाताला लागल्या, अशा की आजारी बायकांच्या रक्तात त्या वर चढतात आणि उपचार झाले की खाली येतात. एक नळी रक्त घ्यायचं, आजार आहे की नाही ते सांगायचं, आणि पुढे बरं वाटतंय की नाही तेही त्याच नळीतून बघत राहायचं. आता फक्त निरोगी बायकांच्या रक्ताशी ताडून पाहणं उरलं होतं.

आजारी बायका रांगेने यायच्या. निरोगी बाईला कुठला वेळ? मग प्रयोगशाळेतल्याच आम्ही काहीजणी उभ्या राहिलो. प्रत्येक बाईला रक्त देण्याआधी काही प्रश्न विचारायचे असतात, आणि ते मीच विचारते. माझ्या वेळी विचारणारी मी आणि उत्तर देणारीही मी, म्हणून चहा निवायच्या आत काम उरकलं. पाळीत दुखतं का? नाही. कामावर खाडे होतात का? एकही नाही. रक्त तेवढं शेजारच्या टेबलावरच्या मुलीने काढलं आणि माझा दंड आठवडाभर निळा करून ठेवला. नळीवर नंबरची चिठ्ठी मीच चिकटवली. नियमाप्रमाणे कुणाचा नंबर कुठला हे आम्हाला माहीत असायला नको, पण स्वतःच्या हाताने चिकटवलेली चिठ्ठी विसरायची कशी? मी एकतीस होते.

काही आठवड्यांनी आमचा गणिती चेहरा पाडून आला. हा पोरगेलासा माणूस आमचे आकडे सांभाळतो, मला ताई म्हणतो, आणि आकडे जुळले नाहीत की जेवत नाही.

"सगळं छान बसलंय," तो मॅडमना म्हणाला. "निरोगी खाली, आजारी वर. एक सोडून. एकतीस नंबर वर आहे."

"काठावर आहे का?"

"काठावर कुठली? सगळ्यांच्या वर आहे. आजारी बायकांच्यासुद्धा."

आयुष्यात कुठल्या परीक्षेत मी पहिली आले नव्हते, ती इथे आले.

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. थोड्याच दिवसांत वरची समिती येणार होती, आणि चाचणी पुढे न्यायची की इथेच गुंडाळायची हे ती समिती ठरवणार होती. थोडीफार चूक प्रत्येक चाचणीत असते, ती समितीला चालली असती. पण धडधाकट बाईला ही चाचणी सगळ्यात आजारी ठरवत असेल, तर आमच्या खुणा या आजाराच्या नाहीतच, भलत्याच कशाच्या तरी आहेत, असाच अर्थ निघत होता. "उद्या या चाचणीवर विसंबून कितीतरी चांगल्या बायकांच्या पोटात विनाकारण दुर्बीण जाईल," मॅडम म्हणाल्या. "तेच टाळायला निघालो होतो ना आपण?"

मग आमची शोधाशोध सुरू झाली. आधी यंत्रावर संशय घेतला, मग फ्रीजरवर, मग नळी उलटसुलट फिरवून रक्त नीट मिसळलं नसेल म्हणून माझ्यावर. नळी मी कधी बिघडवलेली नाही. तरी सगळ्या निरोगी बायकांचं रक्त पुन्हा घेतलं, पुन्हा तपासलं, आणि एकतीस नंबर पुन्हा तिथेच जाऊन बसला. जेवणाच्या सुट्टीत सगळ्याजणी त्या एकतीस नंबरच्या बाईला शिव्या घालायच्या. कोण आहे ही सटवी, म्हणायच्या. मीही त्यांच्यात सूर मिसळून दोन शिव्या जास्तच घालायची.

मनात मात्र वेगळाच हिशेब चालू होता. मॅडमची उमेदीची वर्षं, गणित्याचं न जेवणं, त्या सगळ्या बायका ज्यांनी विश्वासाने दंड पुढे केला, आणि हे सगळं माझ्या रक्ताने बुडवायचं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शेवटी एक दिवस मी मॅडमच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

"त्या एकतीसला काढून टाका ना," मी म्हटलं. "एका बाईने काय होतंय?"

"नको असलेला आकडा फेकला की उरलेले आकडेही खोटे होतात," मॅडम म्हणाल्या. "आणि तुम्हाला तिचा एवढा कळवळा का?"

"ती मीच आहे."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. नियम मोडला म्हणून आता बोलणी बसणार असं मला वाटलं. बोलणी बसलीच, पण थोडक्यात. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही तपासून घ्या."

"मला काहीही झालेलं नाही."

"झालेलं नसेल तर माझी चाचणी गेली. जा, आणि मला खोटं पाडून या."

बायकांच्या डॉक्टरांकडे जाताना मी वाटभर चरफडत होते. निरोगी ठरले तर सगळ्यांच्या मेहनतीवर पाणी, आजारी ठरले तर मी कामातून गेले. इकडे आड, तिकडे विहीर. तरी मनातून मला खात्री होती की आपण निरोगीच ठरणार, आणि त्या खात्रीचंच वाईट वाटत होतं.

डॉक्टर माझ्याहून लहान, केस आखूड, बोलणं मोजकं. त्यांनी पहिला प्रश्न विचारायला तोंड उघडलं तोच मी सुरू झाले. "पाळीत दुखत नाही. खाडा नाही. नवऱ्याजवळ झोपताना त्रास नाही. शौचाला नाही, लघवीला नाही. पुढचा प्रश्न मुलांचा असतो, एक मुलगी आहे."

"हे सगळ्यांना तुम्हीच विचारता का?"

"मीच."

"मग मी वेगळं विचारते. मागची पाळी आली त्या दिवशी, सकाळी उठल्यापासून काय काय केलंत, तेवढं सांगा."

हा काय प्रश्न झाला, असं माझ्या मनात आलं. पण सांगायला माझी ना नव्हती. आमच्या माहेरी त्याला जड दिवस म्हणतात. जड दिवसाची सगळी व्यवस्था आईने लावून दिली आहे, मी आणि धाकटी बहीण ती पाळतो, आणि ती इतकी चोख आहे की परक्या माणसाला सांगायची वेळ आली तेव्हा मला जरा अभिमानच वाटला.

"आदल्या दिवशीच स्वयंपाक अर्धा उरकून ठेवायचा," मी म्हटलं. "सकाळी अंथरुणातून एकदम उठायचं नाही. कुशीवर वळायचं, गुडघे पोटाशी घ्यायचे, मग एक हात भिंतीला. संडासात भिंतीला एक कडी आहे, नवऱ्याने बसवून दिलीय. ती घट्ट धरली की बसताना डोळ्यांपुढे अंधारी येत नाही. कामावर त्या दिवशी मी रक्त काढत नाही, बसून करायचं काम मागून घेते. पोटाशी गरम पाण्याची पिशवी बांधायची आणि वरून कोट घालायचा, कुणाला कळतसुद्धा नाही. दुपारी एकदा उलटी होते, ती झाली की बरं वाटतं. म्हणून डबा नेत नाही, उगाच वाया जातो."

डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं होतं. "आणि दुखत नाही?"

"दुखणं म्हणजे लोळणं हो. आमच्यात कुणी लोळत नाही. आई, मी, धाकटी, सगळ्यांचं असंच. घरोघरी मातीच्या चुली."

"मुलीचं काय?"

"तिची सुरू होऊन फार दिवस नाही झाले, पण पटकन शिकली. परवा शाळेची सहल होती. जड दिवस नेमका तेव्हाच येणार हे बघून तिने आपणहून नाव काढून घेतलं. रडली नाही, काही नाही. शहाणी आहे पोर."

हे वाक्य मी बोलले आणि ते मलाच ऐकू आलं. असल्या वाक्यांची मला चांगली ओळख होती. आमच्याकडे येणाऱ्या आजारी मुलींच्या आया अगदी असंच सांगायच्या, आणि रक्त काढता काढता मी मनात म्हणायची, काय बाई आहे, पोरीच्या पोटात आग पडलीय आणि ही तिचं कौतुक करतेय. दिव्याखाली अंधार म्हणतात तो माझ्या टेबलाखाली होता. मी उठून तपासणीच्या पलंगावर जाऊन पडले. मला गप्प बसवणं सोपं नाही, नवऱ्याला विचारा.

डॉक्टरांनी तपासलं. एका जागी दाबून विचारलं, "इथे?" मी म्हटलं, "थोडंसं." त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. पलंगाची कड मी इतकी आवळून धरली होती की बोटं पांढरी पडली होती. मग त्यांनी स्वतः सोनोग्राफी केली, सावकाश, कुठे काय शोधायचं ते माहीत असलेल्या माणसासारखी, आणि पुढे एमआरआयलाही पाठवलं. एका अंडाशयात जुन्या रक्ताने भरलेली गाठ होती. आतडं मागच्या बाजूला ओढलं जाऊन चिकटलेलं होतं. इतकी वर्षं मी हे सगळं कोटाखाली घेऊन फिरत होते.

"तुमच्या चाचणीने सांगितलं तेच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "आणि बरंच आहे."

मी हसायला लागले. आधी बारीक, मग आवरेना. डॉक्टरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाल्या, "आजार निघाला म्हणून हसणारी बाई मी पहिल्यांदाच बघतेय."

त्यांना काय सांगू? एकाच वेळी दोन ओझी खाली उतरली होती. चाचणी खरी होती. आणि माझ्याही नकळत मी जे काही सोसत होते ते खरं होतं, त्याला नाव होतं, जागा होती, बाहेरच्या माणसाला पडद्यावर बोट ठेवून दाखवता येत होती. सगळ्या प्रयोगशाळेने यंत्र पाहिलं, फ्रीजर पाहिला, नळ्या पाहिल्या, फक्त एकतीस नंबरची बाई पाहिली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

बाहेर येऊन जिन्यात बसले आणि मॅडमना फोन लावला. "मॅडम, नाही पाडता आलं तुम्हाला खोटं."

मग त्यांनी पहिला प्रश्न चाचणीचा विचारला नाही. "फार दुखतं का हो तुम्हाला?" त्या म्हणाल्या. आणि जन्मात पहिल्यांदा मी म्हटलं, "हो."

गणिती तर आनंदाने एकतीस नंबर उचलून आजाऱ्यांच्या रांगेत टाकायला निघाला होता. मॅडमनी त्याचा हात धरला. ऑपरेशन होईल, काढलेल्या तुकड्याची तपासणी होईल, ती तसं म्हणेल, मगच. शिवाय अडचणीच्या एका बाईचीच फेरतपासणी केली तर ती आपली सोय झाली, शास्त्र नव्हे, असं म्हणून त्यांनी उरलेल्या सगळ्या निरोगी बायकांनाही त्याच डॉक्टरांकडे पाठवलं. त्या सगळ्या खरोखरच्या निरोगी निघाल्या. मला त्यांचा अजून हेवा वाटतो.

समितीची तारीख मॅडमनी पुढे ढकलून घेतली. ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, आणि तुकड्याच्या तपासणीत तेच आलं जे माझं रक्त कधीपासून ओरडून सांगत होतं. समितीपुढे मॅडमनी काही लपवलं नाही. आमचीच एक बाई आम्ही निरोगी म्हणून घेतली, कारण आमचे प्रश्नच चुकीचे होते, असं सरळ सांगितलं. समितीने काम पुढे न्यायला परवानगी दिली. आमच्या सगळ्या आकड्यांपेक्षा या एका गोष्टीवर त्यांनी जास्त वेळ घालवला, असं गणिती सांगत होता, आणि सांगताना जेवत होता. आता आमच्याकडे पाळीत दुखतं का, हा प्रश्न पहिला येत नाही. मागच्या वेळी काय केलंत ते सांगा, असं मी विचारते आणि गप्प बसते. गप्प बसणं हा त्यातला माझ्यासाठी अवघड भाग आहे.

ऑपरेशननंतर आई माझ्याकडे राहायला आली होती. मी तिला एवढंच सांगितलं होतं की पोटात एक गाठ आहे आणि ती काढायचीय. आईने काही विचारलं नाही. ती कधीच विचारत नाही, सरळ पदर खोचून कामाला लागते. दोन दिवसांत माझ्या घराची तिने अशी घडी बसवली की नवऱ्याला स्वतःच्या चपलाही विचारून घ्याव्या लागायच्या. माझा तिखटपणा आजाराचाच असणार आणि आता तो जाणार, अशी आशा त्याने तेव्हा बाळगली होती. ती फोल ठरली.

एका दुपारी मी पडून होते आणि आई पलंगाच्या पायथ्याशी बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. "काय निघालं गं नक्की?" ती एकदम म्हणाली.

मी सांगितलं. अस्तर, गाठ, चिकटलेलं आतडं, सगळं. जड दिवस म्हणजे काय होते तेही सांगितलं. मला भीती एकच होती, की ती स्वतःला दोष लावून घेईल.

"आईकडून लेकीकडे येतं का हे?"

"कधी कधी येतं. नेहमीच नाही. आणि त्यात आईची काही चूक नसते."

ती घड्या घालत राहिली. मग म्हणाली, "आणि हे रक्तात दिसतं?"

"दिसतं."

"म्हणजे कुणालाही दाखवता येतं? हे बघा, असं?"

"येतं, आई."

हातातलं कापड तिने मांडीवर ठेवलं. "लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तुझे बाबा मला डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने पोट दाबलं आणि माझ्याशी बोललाच नाही, बाबांशी बोलला. म्हणाला, काही झालेलं नाही, कामाचा कंटाळा आहे, मूल झालं की जाईल. बाबांनी कधी टोमणा मारला नाही, खोटं कशाला बोलू. पण ते वाक्य घरात शिरलं ते शिरलंच. म्हटलं, आता पुन्हा कुणाला दाखवायचं नाही. मग तुम्ही दोघी झालात. मोठ्या झालात तसं तुमचंही तेच दिसायला लागलं. म्हटलं, यांना तरी कुणी कंटाळखोर म्हणायला नको. म्हणून ते सगळं बसवलं."

इतकी वर्षं मी त्या व्यवस्थेचं कौतुक केलं होतं. ती कशाला उभी केली, हे तिला एकदाही विचारलं नव्हतं. मला हुंदका आला आणि टाके दुखायला लागले. हुंदका आणि टाके एका वेळी जमत नाहीत.

"माझं काढ ना रक्त," आई म्हणाली. "हात हलका आहे म्हणतात तुझा."

"आई, तुझी पाळी जाऊन किती वर्षं झाली. आता त्यात काही सापडेल असं मला वाटत नाही."

तिने थोडा विचार केला. "मग राहू दे. तुझं सापडलं ना. मी सोंग करत नव्हते, एवढं मला कळलं." आणि तिने ते कापड पुन्हा उचललं, घडी घातली, मोडली, परत घातली.

पुढची गोष्ट आनंदाची आहे. औषधं सुरू झाली, माझं रक्त ठरल्या वेळी तपासायचं ठरलं, आणि दर वेळी त्या खुणा आणखी खाली आलेल्या दिसायच्या. गणिती आलेख दाखवायला धावत यायचा. पहिल्यांदा जेव्हा जड दिवसाची तारीख आली तेव्हा मी सवयीने आदल्या दिवशी स्वयंपाक करून ठेवला, बसून करायचं काम मागून घेतलं, आणि दुखण्याची वाट बघत बसले. ते आलंच नाही. दुपारी मी उठले, प्रयोगशाळेचा जिना चढून वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. सगळं जिथल्या तिथे होतं. मला आनंद झाला आणि मागोमाग रागही आला. इतकी वर्षं बाकीच्या बायका महिनाभर अशा मोकळ्या फिरत होत्या आणि कुणी मला सांगितलं नाही?

मग लेकीला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेले. आई म्हणाली, मीही येते. डॉक्टरकडे जायचं म्हणून तिने ठेवणीतले कपडे काढले.

खोलीत दोनच खुर्च्या होत्या. डॉक्टरांनी तिसरी मागवली, ती आईने भिंतीशी लावली आणि तिथे बसली. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, लेकीकडे वळल्या. "मागच्या वेळी काय काय केलंस, ते सांगशील?"

लेक माझ्याकडे न बघता आजीकडे बघायला लागली. आमच्या घरात हे बोलायचं नसतं, आणि तो नियम आजीचा होता.

"सांग," आई म्हणाली. "सगळं सांग. मी शिकवलेलं तेसुद्धा सांग."

लेकीने सुरुवात सहलीपासून केली. "मला जायचं होतं सहलीला," ती म्हणाली. आम्हाला ती म्हणाली होती की तसाही तिला सहलीचा कंटाळाच आहे. मग भिंत धरून उठणं आलं, शाळेत बाकाच्या कडेला पोट दाबून बसणं आलं, खेळाच्या तासाला दर वेळी नवं कारण सांगणं आलं. डॉक्टर मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. तिचं संपल्यावर म्हणाल्या, "हे दुखणं आहे. तू सांगितलंस ते बरं झालं. यावर औषध आहे, आणि आपण लक्ष ठेवणार आहोत, तुला सहली चुकवायला लागू नयेत म्हणून." लेकीने श्वास सोडला तो मला शेजारच्या खुर्चीत ऐकू आला. आमच्या घरातली ही पहिलीच, जिला हे ऐकायला वर्षानुवर्षं थांबावं लागलं नाही.

औषधं लिहून झाली. लेक उठली, मी पिशवी उचलली. डॉक्टर मात्र उठल्या नाहीत. त्या माझ्या पलीकडे, भिंतीशी बसलेल्या आईकडे बघत होत्या.

"आजी, तुम्हाला काही सांगायचंय का?"

"मला?" आई म्हणाली. "माझं आता कुठे काय दुखतंय. झाली की कितीतरी वर्षं."

"तेव्हाचं सांगा."

आईने माझ्याकडे पाहिलं. बाहेर लोक थांबले असतील, असं काहीतरी ती पुटपुटली. थांबू देत, डॉक्टर म्हणाल्या. मग आई उठली, तिने आपली खुर्ची भिंतीपासून उचलून टेबलाजवळ आणली, नीट बसली, आणि सकाळी उठल्यापासून सांगायला लागली.